बारीक नळीतून सर्फॅक्टंट : ‘ऑप्टिमिस्ट’ चाचणीचे चिकित्सक वाचन

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट कमी असते, त्यामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटतात, हे आपण मागील पाठात पाहिले. हे औषध देण्याची जुनी रीत म्हणजे श्वासनलिकेत जाड नळी घालणे आणि बहुधा व्हेंटिलेटर लावणे. नव्या रीतीत बाळ नाकावाटे सीपॅपवर स्वतःच श्वास घेत राहते आणि अगदी बारीक नळी क्षणभर स्वरयंत्रापलीकडे सरकवून औषध सोडतात. ही रीत श्रेष्ठ म्हणून शिकवली जाते, आणि त्यासाठी २०२१ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिमिस्ट’ चाचणीचा हवाला हमखास दिला जातो. ती नीट वाचू.

११ देशांतील ३३ अतिदक्षता कक्ष, २५ ते २८ आठवड्यांची ४८५ बाळे. मृत्यू किंवा दीर्घकालीन फुप्फुसविकार हा मुख्य निष्कर्ष औषध मिळालेल्या गटात ४३.६ टक्के, दुसऱ्या गटात ४९.६ टक्के. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरला नाही. ठरवलेली ६०६ बाळेही मिळाली नाहीत, चाचणी आधीच थांबली. म्हणून ‘उपयोग नाही’ असे म्हणणे चूक, आणि ‘सिद्ध झाले’ म्हणणेही चूक.

आता आकडे उकलून पाहा. जगलेल्या बाळांत फुप्फुसविकार ३७.३ विरुद्ध ४५.३ टक्के, म्हणजे घट स्पष्ट. पण मृत्यू २४ विरुद्ध १९, औषधाच्या गटात किंचित जास्त. हा फरक योगायोगाचा असू शकतो. तरीही दोन वेगळ्या दिशांनी जाणाऱ्या गोष्टी एका बेरजेत घातल्या की वाचक फसतो, आणि सारांश वाचून थांबणारा तर नक्कीच.

माझा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. तुलनेच्या गटातील बाळांना पडद्याआड फक्त हाताळल्याचे सोंग केले, त्यांच्या घशात काही घातले नाही. त्यांना सर्फॅक्टंट मिळाले ते प्रकृती ढासळून नळी घालावी लागली तेव्हाच. म्हणजे चाचणीने तपासले ‘लवकर औषध की वाट पाहणे’. बारीक नळी बरी की जाड, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. चाचणीची रचना उत्तम आहे; तिच्या नावावर खपवले जाणारे उत्तर तिचे नाही. रीतींची थेट तुलना हवी असेल तर २०१९ चा भारतीय अभ्यास वाचावा : ३५० बाळे, दोन्ही गटांना सर्फॅक्टंट, फरक फक्त नळीचा. त्यात बारीक नळीच्या गटात व्हेंटिलेटरची गरज कमी पडली.

आणखी एक प्रश्न : हे निष्कर्ष कोणत्या बाळाचे? चाचणीतली बाळे जन्मापासून सुसज्ज कक्षात, आधीच सीपॅपवर होती. जयपूरच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या, टोंक रस्त्यावरच्या चाकसूचा विचार करा. आपल्या सरकारी रचनेत अशा तालुक्याच्या ठिकाणी नवजात बाळाला स्थिर करून पुढे पाठवणे अपेक्षित असते. विशेष नवजात कक्ष जिल्हा पातळीवर. अठ्ठावीस आठवड्यांचे बाळ तिथे जन्मले तर पहिला प्रश्न नळीचा नसतोच. अँब्युलन्समध्ये त्याचे अंग गार पडते का, वाटेत त्याच्या फुप्फुसात दाब टिकतो का, हा असतो. (बबल सीपॅपमध्ये हा दाब नळीचे टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवूनही राखता येतो, यंत्र साधे आहे, पण त्याच्याजवळ बसणारी परिचारिका लागते.)

त्याही आधीची पायरी आईजवळ आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरियातील रुग्णालयांत २,८५२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोन दिल्यावर नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. आपल्याकडे २०१४ पासून एएनएम ताईंनाही मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिला डोस देण्याची मुभा आहे. चाकसूहून निघणाऱ्या आईच्या कागदावर त्या इंजेक्शनची वेळ लिहिलेली असली, तर जयपूरच्या डॉक्टरला पुढचा डोस केव्हा द्यायचा ते विचारावे लागत नाही.