‘राखीव’ हे विशेषण आणि १९३७ ची निवडणूक

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघातील राखीव जागा डॉ. आंबेडकरांनी जिंकली, पराभूत झाले काँग्रेसचे उमेदवार, विख्यात गोलंदाज पी. बाळू. या निकालास केवळ ‘अस्पृश्यांचा कौल’ म्हणणे हा ‘राखीव’ या विशेषणाने घडविलेला गैरसमज होय. १९३२ च्या पुणे करारान्वये प्राथमिक निवड तेवढी अस्पृश्य मतदारांकडे होती. अंतिम मतदान संयुक्तच. म्हणजे राखून ठेविली होती ती उमेदवारी. यादीतील सवर्ण गिरणी-कामगारासही येथे मत होते, आणि १९३६ त स्थापिलेल्या पक्षाच्या नावात आंबेडकरांनी ‘मजूर’ हा शब्द योजिला, तो काही उगीच नव्हे. अर्थात मताधिकार मालमत्ता, शिक्षण इत्यादी अटींनी मर्यादित होता. तेव्हा यास अवघ्या गिरणगावाचा कौल म्हणणेही अतिव्याप्तच ठरेल.