चकाकी मोजली, पण नेमकी कोणती?

संशोधनाला लागताना बऱ्याच जणांना वाटतं, की मोजमाप हा सगळ्यात सोपा भाग. यंत्र आणायचं, आकडा लिहून घ्यायचा, झालं. हा समज मोडायला एक जुना शोधनिबंध फार उपयोगी आहे. रिचर्ड हंटर यांचा चकाकी मोजण्याच्या पद्धतींवरचा हा निबंध १९३७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या नियतकालिकात आला. आज तो कारच्या पॉलिशवर घासून बघू.

हंटर यांचं म्हणणं असं, की आपण ज्याला सरसकट ‘चमक’ म्हणतो ती एक गोष्ट नाहीच. त्यांनी तिचे सहा प्रकार केले. समोरून पडलेला प्रकाश आरशासारखा किती परततो, हा पहिला. अगदी तिरक्या नजरेने दिसणारी झळाळी, हा दुसरा. उजळ आणि काळ्या भागांतला फरक, हा तिसरा. प्रतिबिंबाभोवती धुरकटपणा नसणं, हा चौथा. प्रतिबिंबाच्या कडा किती रेखीव दिसतात, हा पाचवा. आणि पृष्ठभाग सगळीकडे एकसारखा असणं, हा सहावा.

आता एखादी काळी कार बफिंगनंतर उन्हात उभी आहे असं समजा. मालक बॉनेटमध्ये ट्यूबलाइट सरळ दिसते का ते बघतो, म्हणजे पाचवा प्रकार. दिव्याभोवती पांढुरकी छटा आहे का बघतो, म्हणजे चौथा. दरवाजावर लाटा दिसतात का बघतो, म्हणजे सहावा. त्याला हंटर माहीत नाहीत, पण तो काम बरोबर करतोय.

प्रयोगशाळेत मात्र पुढे काय झालं बघा. १९३९ साली एएसटीएमचं डी ५२३ हे मानक आलं आणि त्यात ६०° कोनातलं मोजमाप घेतलं गेलं. २०° आणि ८५° हे कोन १९५१ साली जोडले गेले. सहा प्रकारांतला मुख्यतः पहिलाच प्रमाणित झाला आणि रोजच्या बोलण्यात ‘ग्लॉस’ म्हणजे तेवढंच, असं होऊन बसलं. दोष मानकाचा नाही. ते जे मोजतं ते नीट मोजतं. दोष ‘ग्लॉस वाढला, म्हणजे फिनिश सुधारलं’ एवढ्या एका वाक्यावर निष्कर्ष उभा करणाऱ्याचा आहे.

हा आकडा येतो कुठून? १.५६७ अपवर्तनांक असलेल्या गुळगुळीत काळ्या काचेला १०० एकक धरलं आहे. गंमत म्हणजे ६०° कोनात ही काच प्रत्यक्षात सुमारे १० टक्केच प्रकाश परतवते. म्हणजे १०० हे टक्के नव्हेत, ती तुलना आहे. १.५ अपवर्तनांकाचा, अगदी निर्दोष गुळगुळीत थर घेतला, तर फ्रेनेलच्या सूत्राने आकडा ८९ च्या आसपास येतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या क्लिअरकोटमधला चार-पाच एककांचा फरक पॉलिशमुळेच आहे, असं लगेच म्हणता येत नाही. तो रसायनाचाही असू शकतो.

दुसरी अडचण यंत्राच्या खिडकीची. ६०° च्या मापनात परतलेला प्रकाश घेणारी खिडकी ४.४° × ११.७° एवढी रुंद असते, २०° च्या मापनात १.८° × ३.६°. बारीक ओरखड्यांमुळे प्रकाश जरासा विखुरला तरी रुंद खिडकी तो आत घेते आणि आकडा फारसा हलत नाही. म्हणून चकचकीत पृष्ठभागांसाठी २०° वापरतात. ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखे उंचसखल भाग, यांच्याबाबतीत तर दोन्ही कोन फसवू शकतात. चकाकीचा आकडा उत्तम येतो आणि प्रतिबिंब मात्र डुगडुगतं. मऊ पॅड या लाटांवरूनच फिरतं, त्यामुळे नुसत्या पॉलिशने त्या सहसा जात नाहीत. त्यासाठी वॉटर पेपर लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं असतात, काहींत ओरखडे भरून काढणारे घटक असतात. काम संपल्या संपल्या मोजलं तर ओरखडा गेला की नुसता झाकला गेला, हे कळत नाही. म्हणून जाणकार कारागीर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसून मगच तपासतो. आपल्या भाषेत हे गोंधळ घालणारं चल काढून टाकणंच झालं. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो वेगळ्या दिव्याखाली काढले असतील, तर तेही याच खात्यात जमा.

आणि किंमत? क्लिअरकोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो, केसापेक्षाही पातळ. कंपाउंड मारलं की त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात. उन्हापासून रंग वाचवणारी रसायनं याच थरात असतात. चकाकीचा आकडा देऊन जाडीचा आकडा न देणं म्हणजे जमा दाखवून खर्च लपवणं.

हंटर यांच्यावर एक आक्षेप मात्र घ्यायला हवा. सहा खाने पाडले, पण बघणारा माणूस ते सहा एकत्र करून ‘गाडी मस्त दिसतेय’ असं कसं ठरवतो, हे खान्यांवरून कळत नाही. एकात सुधारणा आणि दुसऱ्यात घसरण झाली तर कौल कुणाला द्यायचा? आक्रमक बफिंगने ओरखडे जातात आणि धुरकटपणा वाढतो, असं अनेकदा होतं. अशा वेळी वर्गीकरण प्रश्न नीट मांडून देतं, उत्तर देत नाही. एका आकड्याची ओढ लागते ती इथेच, कारण एक आकडा हा वाद मिटवल्यासारखा वाटतो.

तुमचा विषय पेंटचा नसेलही. ‘वाचनक्षमता’, ‘समाधान’, ‘मातीचं आरोग्य’, काहीही असेल. प्रस्ताव लिहिताना चार प्रश्न कागदावर उतरवा. या शब्दात किती वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत? माझं साधन त्यातली कोणती मोजतं? परिणाम खरा आहे की वरून पुसला तर जाईल? आणि तो मिळवताना काय झिजलं? मार्गदर्शकांनी विचारायच्या आत यांची उत्तरं तयार असली, तर पद्धतीच्या प्रकरणाचं निम्मं काम झालं समजा.