रसिकस्मृती आणि गाण्यावरील नाव : बीटल्स व गिरणगावातील परंपरागत गाणी

प्रास्ताविक

१९६० च्या दशकात तारुण्यात असलेल्या मुंबईकर रसिकांच्या आठवणींत दोन प्रकारची गाणी प्रामुख्याने आढळतात. पहिली, लिव्हरपूलच्या ‘बीटल्स’ या चौघांच्या गायकवृंदाची; दुसरी, गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींतून, उत्सवांतून व सभांतून ऐकू येणारी परंपरागत गाणी. या दोहोंकडे भिन्न वर्गांच्या, भिन्न भाषांच्या व भिन्न अभिरुचीच्या आठवणी म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ही विभागणी सर्वस्वी निराधार नाही. तथापि तिच्यामुळे एक मूलभूत प्रश्न दुर्लक्षित राहतो. रसिक गाणे आठवतो तेव्हा त्यासोबत कोणाचे नाव आठवतो आणि कोणाचे विसरतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे दोन्ही प्रकारच्या स्मृतींची चिकित्सा केली आहे.

तबकडीची स्मृती

बीटल्सच्या चाहत्याची स्मृती तबकड्यांच्या क्रमाने रचलेली असते. कोणते गाणे कोणत्या वर्षी आले, तबकडीच्या दुसऱ्या बाजूस काय होते, हे त्याला मुखोद्गत असते. रेडिओ सिलोन आणि काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’ यांनी ही स्मृती घडविली. इंग्रजी तबकड्यांशी संबंध नसलेल्या प्रेक्षकांपर्यंत बीटल्सची चाल १९६५ च्या ‘जानवर’ या हिंदी चित्रपटातून, शम्मी कपूरवर चित्रित झालेल्या गाण्याच्या रूपाने पोहोचली. तेथे मात्र मूळ कर्त्यांचे नाव उरले नाही.

सप्टेंबर १९६६ मध्ये जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला. तो ताजमहाल हॉटेलात उतरल्याचे कळताच चाहत्यांची गर्दी झाली व अखेरीस गुरुशिष्यांना काश्मीर गाठावे लागले. ही कथा चाहत्यांच्या प्रिय कथांपैकी आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन पुन्हा आला आणि एचएमव्हीच्या मुंबईतील स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचे काही ध्वनिमुद्रण त्याने केले. त्याच वेळी ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही तेथे मुद्रित झाले. सरोदवादक आशीष खान आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांचा त्यात सहभाग होता. मार्च १९६८ मध्ये हे गाणे बीटल्सच्या तबकडीवर आले, तेव्हा तबकडीच्या चकतीवर या वादकांची नावे नव्हती. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव छापले गेले होते; परंतु १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’मध्ये वाजविणाऱ्या लंडनस्थित भारतीय वादकांच्या वाट्याला तो मान आला नाही. चाहत्याच्या स्मृतीची तपशीलवार अचूकता ही मुख्यतः छापील मजकुराची अचूकता असते, हे येथे लक्षात येते. जे वेष्टनावर नाही ते तिच्यातही सहसा नसते.

प्रसंगाची स्मृती

गिरणगावातील रसिकाची स्मृती वेगळ्या रीतीने बांधलेली आहे. कोकणातून व घाटावरून आलेले कामगार गावकीच्या खोल्यांत दाटीने राहत. त्यांच्याबरोबर भजन, नमन, शक्ती-तुरा हे प्रकारही शहरात आले. डबलबारी भजनात दोन बुवा समोरासमोर बसत व श्रोते पहाटेपर्यंत हलत नसत. येथे गाण्याला प्रकाशनवर्ष नसते. त्याला ठिकाण, तिथी आणि माणसे असतात. मुख्य आवाज कोणाचा, झील कोणी धरली, मृदंगावर कोण होते, यावरून गाणे ओळखले जाते. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासातून (२००४) हे सांस्कृतिक जीवन कामगारांच्या स्वतःच्या शब्दांत नोंदले गेले आहे.

या परंपरेत कर्त्याचे नाव जपण्याची स्वतंत्र व्यवस्थाही आहे. पोवाड्याच्या अखेरीस शाहीर आपले नाव गुंफतो. एकनाथांच्या भारुडात ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा येते. छापील वेष्टन नसले तरी गाणे आपल्या कर्त्याला स्वतःबरोबर घेऊन फिरते. ही व्यवस्था सर्वांना लाभली, असे मात्र म्हणता येत नाही. जात्यावरील ओव्या व मंगळागौरीची गाणी रचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया अनाम राहिल्या. उखाण्यात नाव येते ते पतीचे. उखाणा रचणारीचे नाही.

या स्मृतीचा आणखी एक दोष नोंदविणे आवश्यक आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेल्या अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत गावी राहिलेल्या पत्नीचा विरह राजकीय मागणीत परिणत होतो. स्मरणरंजनात पुष्कळदा विरह शिल्लक राहतो आणि मागणी गळून पडते. गाणे गोड वाटू लागते. ते का रचले गेले, याचा विसर पडतो.

‘पारंपरिक’ हा शिक्का

दोन्ही स्मृती एका शब्दापाशी एकत्र येतात. १९७० च्या ‘लेट इट बी’ या तबकडीवर बीटल्सनी ‘मॅगी मे’ हे लिव्हरपूलच्या खलाशांचे जुने गाणे घेतले. श्रेयनामावलीत ते ‘पारंपरिक’ ठरले आणि संयोजक म्हणून चौघांची नावे आली. लिव्हरपूल आणि मुंबई ही दोन्ही कापसाच्या व्यापारावर वाढलेली बंदरे. दोहोंच्या श्रमिकांची गाणी याच शिक्क्याखाली तबकडीवर चढली. शाहीर साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’द्वारे आणि विठ्ठल उमप यांनी आपल्या गायनाद्वारे लोकगीतांना मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला, हे त्यांचे ऋण निर्विवाद आहे. परंतु ‘पारंपरिक’ म्हणजे ‘कोणाचेच नाही’ असा अर्थ रूढ झाला, तर ज्यांनी ते गाणे पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले त्यांची गणती कोठेच होत नाही.

समारोप

‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले. बीटल्सच्या तबकड्या तरीही उपलब्ध आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या; कामगारांच्या नाटकांचे व लोककलांचे हक्काचे व्यासपीठ असलेले परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद करण्यात आले. दुकान गेल्याने तबकडी जात नाही. प्रसंग व जागा गेल्याने गाणे मात्र जाऊ शकते, कारण त्याची नोंद माणसांतच होती. म्हणून मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांकडून वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवून घेताना केवळ गाण्याचे शब्द टिपून थांबू नये. ते कोठे, कशासाठी गायले गेले, झील कोणी धरली, शिकविले कोणी, घरातील कोणती स्त्री ते गात असे, हे नावानिशी विचारले जावे. हॅरिसनच्या ध्वनिमुद्रणातील वादकांची नावे उशिरा का होईना शोधता आली, कारण तबकडी शिल्लक होती. गिरणगावातील झीलकऱ्यांची नावे सांगणारी पिढी आज वृद्ध आहे. तिच्यानंतर ती सांगणारे कोणी उरणार नाही.