‘समाधानकारक’ हवा : एका विशेषणाचे परीक्षण

भारतात २०१५ साली राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक अमलात आला. ‘एक अंक, एक रंग, एक वर्णन’ हे त्याचे सूत्र होय. अंकाची चिकित्सा रसायनज्ञांनी करावी; वर्णन मात्र भाषेचा विषय असल्याने त्याची तपासणी भाषाभ्यासकाने करणे अनाठायी ठरू नये.

सहा श्रेणींपैकी ५१ ते १०० ही श्रेणी ‘समाधानकारक’ म्हटली जाते. या सामासिक शब्दात समाधान पावणारी व्यक्ती अनुक्त राहते. श्रेणीसोबतची सूचना तर संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किंचित त्रास संभवतो असे सांगते. तेव्हा दमेकऱ्याचे समाधान येथे अभिप्रेत नाही. २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे चोवीस तासांचे प्रमाण या श्रेणीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली पातळी १५ आहे. अर्थात, समाधान होते ते राष्ट्रीय मानकाचे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत, निर्देशांकात आठच. वगळलेली चार, म्हणजे बेन्झीन, बेन्झो-ए-पायरीन, आर्सेनिक व निकेल, ही कर्करोगाशी निगडित आहेत. त्यांचे मानक वार्षिक सरासरीचे असल्यामुळे दैनिक निर्देशांकात ती बसत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तथापि वाचक ‘हवा’ हा शब्द संपूर्ण हवेला उद्देशूनच घेतो.

येथे ‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांतील भेद उपयोगी पडतो. धोका हा पदार्थाचा गुण. जोखीम ही मात्रा व काळ यांवरून ठरते. घनमीटरला १ मायक्रोग्रॅम बेन्झीन आयुष्यभर श्वासावाटे घेतल्यास दहा लाखांत सुमारे ६ जणांना रक्ताचा कर्करोग संभवतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपले वार्षिक मानक ५ मायक्रोग्रॅमचे. त्याचा हिशेब दहा लाखांत ३० होतो. मानक पाळले म्हणजे जोखीम संपली, असे नव्हे.

नोंदवहीतील ‘आढळले नाही’ हे क्रियापदही असेच फसवे आहे. त्याचा अर्थ ‘उपकरणाच्या क्षमतेपलीकडे’ एवढाच. त्याजागी शून्य लिहिले की सरासरी उतरते आणि जोखीमही कागदावर घटते.

म्हणून प्रत्येक वर्णनासोबत तीन गोष्टी सांगितल्या जाव्यात : कोणासाठी, किती काळासाठी आणि कोणत्या पदार्थांच्या मोजणीवरून. एवढे सांगितल्यावर ‘समाधानकारक’ हा शब्द टिकतो की नाही, ते वाचकच ठरवील.