निळा एलईडी : हट्टाची गोष्ट की हायड्रोजनची?

धुळ्याला घरी गेलो की बसस्टँडजवळच्या टपरीवर एक मित्र हमखास टोचतो, "काय भो, त्या नाकामुरानं पीएच.डी. नसताना निळा एलईडी बनवला. तू जळगावला एवढी वर्षं काय करून राहिला?"

त्याची माहिती बरोबर आहे. शुजी नाकामुरा जपानमधल्या अनान या लहान गावी, निचिया कंपनीत होते. १९९३ मध्ये त्यांचा झगझगीत निळा एलईडी जाहीर झाला, डॉक्टरेट १९९४ मध्ये मिळाली, नोबेल २०१४ मध्ये. पण यावरून आपल्याकडे भाषणांत जी 'एकट्या हट्टी माणसाची' गोष्ट सांगतात ती मला पटत नाही. तिच्यात त्यांचं खरं कामच झाकलं जातं.

आधी 'एकट्या'चं बघू. निळ्या प्रकाशासाठी गॅलियम नायट्राइड हवं. ते सफायरच्या चकतीवर वाढवायचं, आणि दोघांच्या अणूंच्या रांगांत सुमारे १६ टक्क्यांचा फरक. नागोयात अकासाकी आणि अमानो यांनी १९८६ मध्ये मधे ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन चांगला स्फटिक मिळवला. १९८९ मध्ये मॅग्नेशियम घातलेल्या थरावर इलेक्ट्रॉनचा झोत फिरवून तो पी-प्रकारचा केला. एलईडीला एन आणि पी दोन्ही थर लागतात. अडलं होतं ते पी-थरावरच. नोबेल तिघांना मिळालं ते उगाच नाही. शिवाय पैसा कंपनीच्या संस्थापकांनी दिला आणि तंत्र शिकायला वर्षभर फ्लोरिडालाही पाठवलं.

मग नाकामुरांचं काय? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली यंत्रातली: सुमारे हजार अंशांवर तापलेल्या चकतीवरून वायू वर उसळतात, म्हणून त्यांनी वरून दुसरा झोत सोडून ते खाली दाबले. दुसरी विचारातली. झोतानं थर सुधारतो हे माहीत होतं. का, ते स्पष्ट नव्हतं. नाकामुरांच्या गटानं १९९२ मध्ये दाखवलं की अमोनियातून आलेला हायड्रोजन मॅग्नेशियमला धरून बसतो. नायट्रोजनमध्ये ७०० अंशांच्या वर तापवा, थर पी-प्रकारचा होतो. तोच थर पुन्हा अमोनियात तापवा, बिघडतो!

ही उलटी तपासणी मला सगळ्यात आवडते. कारण कळलं म्हणून चकतीवर झोत फिरवत बसायची गरज उरली नाही. साधी भट्टी पुरली. कारखान्याला तेच हवं होतं. गंमत म्हणजे मोबदल्याचा गाजलेला खटला चालला तो पहिल्या, दोन झोतांच्या पेटंटवर. २००४ मध्ये कोर्टानं २,००० कोटी येन द्यायला सांगितले, २००५ मध्ये सुमारे ८४ कोटींवर तडजोड झाली. पैशाच्या या आकड्यांत हायड्रोजन कुणाच्या लक्षात राहणार?

आता माझंच सांगतो. माझ्या थेसिसच्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'तापवल्यावर थराची वाहकता वाढली.' बस्स. का वाढली, आणि उलट करून ती परत घटते का, हे मी बघितलंच नव्हतं. दोन वर्षं हट्टानं तापवत मात्र होतो.

त्यामुळे मित्राला पुढच्या खेपेला सांगणार आहे: भो, नाकामुरांकडून हट्ट घेऊन भागत नाही. 'का?' घ्यावा लागतो. सध्या मी तेच करून राहिलो.