गाडी घे, पण बदलू नकोस

'ग्रॅन टोरिनो' मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, मित्राच्या लॅपटॉपवर. शेवटी डोळे पुसले होते. दुसऱ्यांदा पाहिला तो मिशिगनमध्ये, म्हणजे तो जिथे घडतो आणि जिथे चित्रित झाला त्याच राज्यात, भाड्याच्या खोलीत. या वेळी रडू आलं नाही. राग आला. सिनेमा तोच होता. मधल्या काळात मी एक जुनी गाडी उघडून पाहिली होती आणि व्हिसावर राहायला लागलो होतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००८ सालचा सिनेमा, दिग्दर्शक आणि नायक क्लिंट ईस्टवूड. वॉल्ट कोवाल्स्की हा कोरियन युद्धातला जुना सैनिक, फोर्डच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. बायको नुकतीच गेलीय, मुलांशी पटत नाही, शेजारी ह्मोंग कुटुंबं राहायला आलीत आणि ते त्याला सहन होत नाही. गॅरेजमध्ये १९७२ची ग्रॅन टोरिनो स्पोर्ट उभी असते, तिचा स्टिअरिंग कॉलम त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला. शेजारचा थाओ गँगच्या दबावाखाली ती चोरायला येतो, पकडला जातो आणि तिथून दोघांची मैत्री सुरू होते. शेवटी (स्पॉइलर आहे, पण सिनेमाही जुना आहे) वॉल्ट मरतो आणि गाडी मुलांना, नातीला न देता थाओला देऊन जातो.

अटी घालून. मृत्युपत्रात लिहिलेलं असतं की छत कापायचं नाही, ज्वाळा रंगवायच्या नाहीत, मागे मोठा स्पॉइलर लावायचा नाही. प्रत्येक अटीसोबत कुठल्यातरी समाजाला एक शिवी. थिएटरात लोक इथे हसत असणार. हॉस्टेलवर आम्हीही हसलो होतो.

या अटींवरच मला बोलायचंय. पण आधी गॅरेजमध्ये जाऊ.

मी ज्यांच्या घरात भाड्याने राहायचो ते गृहस्थ सत्तरीचे. आम्ही तीन मराठी पोरं त्यांच्या माघारी त्यांना 'काका' म्हणायचो. काकांच्या गॅरेजमध्ये १९६८ची मस्टँग होती, २८९ क्युबिक इंचांचं व्ही-एट इंजिन असलेली. त्यांच्या भावाची. भाऊ गेला आणि गाडी वर्षानुवर्षं ठोकळ्यांवर उभी राहिली. हिवाळ्यातल्या शनिवारी मी मदतीला जायला लागलो. माझं काम साधं होतं: खोलण्याआधी फोटो काढायचा, बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत टाकायचा, पिशवीवर नंबर लिहायचा, नंबर स्प्रेडशीटमध्ये भरायचा. ऑफिसात जे करतो तेच, फक्त हात काळे व्हायचे.

त्या काळच्या मस्टँगचं एक ठरलेलं दुखणं आहे. काचेच्या खाली बाहेरची हवा आत घेणारी जी जाळी असते, तिच्या आतला पत्रा गंजतो, पावसाचं पाणी थेट पायाशी येतं आणि मग तळाचा पत्रा जातो. वरून गाडी चकाचक दिसत असते. आम्ही कार्पेट उचललं तर खालची फरशी दिसली. गंजलेला भाग कापणं, नवा पत्रा बेतणं, वेल्ड करणं, घासणं, यात महिने गेले. एक्झॉस्टचा एक बोल्ट मी जोर लावून तोडला. तो बाहेर काढायला दोन शनिवार लागले. काका काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या बोल्टला पाना लावण्याआधी तेल मारून तास-दीड तास वाट पाहायला लावली.

त्यानंतर गाड्यांचे सिनेमे पाहताना मला एकच गोष्ट खटकायला लागली. ही वाट पाहणं तिथे कुठेच नसतं. 'द फास्ट अँड द फ्युरियस'मध्ये (२००१) भंगार होऊन आलेली सुप्रा दोन-चार दृश्यांत शर्यतीला तयार होते.

या बाबतीत सगळ्यात प्रामाणिक सिनेमा एक भयपट आहे. जॉन कारपेंटरचा 'क्रिस्टीन' (१९८३), स्टीफन किंगच्या त्याच वर्षीच्या कादंबरीवरचा. आर्नी हा बुजरा मुलगा १९५८ची मोडकी प्लिमथ फ्युरी विकत घेतो आणि जीव लावून दुरुस्त करतो. गावगुंड ती फोडून टाकतात. मग आर्नीसमोर गाडी स्वतःच स्वतःला दुरुस्त करते: चेपलेला पत्रा फुगतो, काचा जुळतात. हे दृश्य कसं केलं? गाडीच्या आत हायड्रॉलिक पंप बसवून पत्रे आत ओढले आणि फिल्म उलटी चालवली. कॉम्प्युटर नाही, काही नाही.

म्हणजे पडद्यावरचं रिस्टोरेशन हे शब्दशः उलटं फिरवलेलं मोडणं होतं. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला ही कल्पना फार ओळखीची आहे. अनडू. रोलबॅक. कालचं व्हर्जन परत आण. कारपेंटरला कळलेलं होतं की असं खरंच झालं तर ते भयानक असेल. ज्या गाडीवर काळाचा ओरखडा उमटत नाही तिला माणसाची गरज उरत नाही. म्हणूनच ती माणसं मारते.

आणि गंमत म्हणजे 'जशी होती तशी' हे क्रिस्टीनबद्दलही खरं नाही. १९५८ची फ्युरी कारखान्यातून बेज रंगात यायची. पडद्यावरची लालभडक आहे. शूटिंगला फ्युरी पुरेशा मिळेनात म्हणून बेल्व्हेडिअर आणि सॅव्हॉय ही प्लिमथचीच स्वस्त मॉडेलं फ्युरीसारखी सजवली गेली. जगाच्या डोक्यात बसलेली 'अस्सल' फ्युरी ही मॉडिफाय केलेली गाडी आहे.

मसल कारचा सगळा इतिहासच असा आहे. १९६४ची पाँटिअॅक जीटीओ घ्या, बहुतेक लोक मसल कारची गोष्ट तिच्यापासून सुरू करतात. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डिलोरिअन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्टमध्ये ३८९चं इंजिन बसवलं आणि ते वेगळं मॉडेल न म्हणता 'ऑप्शन' म्हणून विकलं. नियम मॉडेलला होता, ऑप्शनला नव्हता. थोडक्यात मसल कार हा जन्मतःच नियमातून काढलेला जुगाड आहे. तिला 'मूळ रूपात ठेव' म्हणणं म्हणजे एका मॉडिफिकेशनवर तारीख टाकून त्याला पवित्र ठरवणं.

आमच्या गॅरेजमध्येही हा वाद झाला. आम्ही चारही चाकांचे जुने ड्रम ब्रेक पाहिले आणि पुढे डिस्क बसवले. इग्निशनचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक केलं. इंजिनाच्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या, कारण ते इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं आणि अमेरिकेत १९९६पासून रस्त्यावरच्या गाड्यांना ते पेट्रोल बंद आहे. यातल्या कशावरच भांडण नव्हतं. भांडण रंगावरून झालं.

दाराच्या कडेला खरवडल्यावर खाली लाइम गोल्ड निघाला. कारखान्याचा मूळ रंग, हिरवट सोनेरी. वरचा लाल रंग भावाने घरीच मारलेला, दोन ठिकाणी ओघळ आलेला. माझं मत ठाम होतं: स्पेसिफिकेशन सापडलंय, लाइम गोल्ड करू. किंमतही वाढेल. काका बराच वेळ ओघळावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझ्या भावाने रंगवली त्या दिवशी ही गाडी खोटी झाली का?"

मला उत्तर आलं नाही. रोलबॅक करायचा तर कुठल्या व्हर्जनवर, हे मशीन सांगत नाही.

नंतर मला 'बुलिट'ची (१९६८) मस्टँग आठवली. स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली ती हिरवी गाडी १९७४मध्ये न्यू जर्सीच्या एका कुटुंबाने विकत घेतली आणि चक्क घरची गाडी म्हणून वापरली. १९७७मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, त्यांनी दिली नाही. २०२०च्या जानेवारीत ती लिलावात ३४ लाख डॉलर बोलीला गेली, रिस्टोर न करता. शूटिंगसाठी केलेले बदल, घरातल्या वापराचे डाग, सगळं तसंच. लोकांनी पैसे मोजले ते तिच्यावर जे जे घडलं त्याचे.

आता वॉल्टच्या अटींकडे परत येऊ.

छत कापणं, गाडी खाली बसवणं, ज्वाळा रंगवणं, या वॉल्टला 'वाईट सवयी' वाटतात. पण त्या कुणाच्या आहेत? लोरायडर ही कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांनी घडवलेली कला आहे. १९५८मध्ये तिथे कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली जाता कामा नये. त्यावर पोरांनी हायड्रॉलिक बसवलं: बटण दाबलं की गाडी खाली, पोलीस दिसला की वर. डिलोरिअनने हेच कंपनीच्या नियमाबाबत केलं तर तो इतिहास, या पोरांनी केलं तर बिघडवणं.

म्हणून मला राग आला. सिनेमा उदार आहे, हे मी नाकारत नाही. रक्ताच्या वारसांना डावलून परक्या पोराला गाडी मिळते, ही मोठी गोष्ट आहे. वॉल्टच्या शिव्याही थट्टेतल्या आहेत, हेही मान्य. न्हाव्याच्या दुकानात तो असंच प्रेम करतो. पण त्या उदारपणात एक कुलूप आहे. हे सगळं तुझं, फक्त त्यावर तुझा हात दिसता कामा नये. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला हे वाक्य कुठेच लिहिलेलं नसतं, तरी पाठ असतं. घर घे, टॅक्स भर, लॉन काप. डब्याचा वास मात्र ऑफिसात येऊ देऊ नकोस.

आणि सिनेमाने थाओला एकदाही विचारलेलं नाही की त्याला ती गाडी कशी हवी. वॉल्ट त्याला हत्यारं वापरायला शिकवतो, कामाला लावतो, बोलायचं कसं ते शिकवतो. गाडी मात्र थाओच्या हाती येते ती पूर्ण झालेली. त्याच्यासाठी काही शिल्लकच ठेवलेलं नाही. माझ्या मते ही पटकथेतली खरी उणीव आहे: ज्याला हत्यारं दिली त्याला उघडायला काहीच दिलं नाही.

शेवटच्या दृश्यात थाओ वॉल्टच्या कुत्रीला शेजारी बसवून तळ्याकाठच्या रस्त्याने जातो. गाडी निघून जाते, कॅमेरा तिथेच थांबतो, मागून इतर गाड्या येत राहतात. सुंदर शेवट आहे. पण आता मला त्यापुढचं दिसतं. ३६ वर्षांची गाडी आहे. कधीतरी रबरी होज फुटेल, मूळ पार्ट मिळणार नाही, आणि थाओ गुडघ्यावर बसून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा पार्ट तिथे बेतेल. त्या दिवशी अट मोडेल आणि गाडी त्याची होईल.

काकांनी मस्टँग लालच ठेवली. आम्ही बदललेल्या भागांना जुळता लाल शोधला, तो जुळला नाही. उन्हात पाहिलं तर फरक कळतो. ओघळ आहेत तसेच आहेत. गाडीखाली, मी वेल्ड केलेल्या पत्र्याची शिवण वाकडी आहे. ती घासून सरळ करू का, असं मी विचारलं होतं.

"राहू दे," काका म्हणाले. "तुझी आहे ती."