बर्लिनमधील एक प्रबंध

परदेशीं शिकून आलेल्यांचीं अनुभवकथनें आपल्या भाषेंत थोडींथोडकीं नाहींत. बोटीवरची मळमळ, पहिला हिमवर्षाव, घरमालकिणीचा स्वभाव, शाकाहाराची पंचाईत, आणि परततांना मुंबईचा धक्का दिसतांच दाटून आलेला कंठ, हा क्रम वाचकांच्या आतां अंगवळणीं पडला आहे. त्यांत खोटें कांहीं नसतें. परंतु ज्या विद्येसाठीं एवढा खटाटोप केला, ती बहुधा एका वाक्यांत आटोपलेली असते. अमुक विषयाचा अभ्यास केला, अमुक पदवी मिळविली, संपलें! हें या वाङ्मयाचें मोठें वैगुण्य आहे, असें आम्हांस वाटतें. प्रवाशाला परदेश पाहावयाचा असतो. विद्यार्थ्याला तेथील विद्वानांच्या डोळ्यांनीं पाहावयास शिकावयाचें असतें. त्या डोळ्यांनाच भ्रम झाला असेल तर काय करावें, हा विद्यार्थिदशेंतील खरा कसोटीचा प्रसंग होय.

असा प्रसंग ‘युगान्त’कर्त्या इरावती कर्वे यांच्यावर आला होता. उर्मिला देशपांडे व थियागो पिंटो बार्बोसा यांच्या ‘इरू’ या २०२४ सालच्या इंग्रजी चरित्रामुळें त्याकडे पुन्हां लक्ष गेलें आहे. इरावतीबाई १९२८ सालीं बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठीं जन्म वेचणारे त्यांचे सासरे महर्षि कर्वे यांनाच हें जाणें पसंत नव्हतें. स्वतः जर्मनींत शिकून आलेले पति दिनकर कर्वे मात्र पाठीशीं उभे राहिले. तेथें मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेंत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. गोऱ्या यूरोपीयांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत इतर वंशांपेक्षां अधिक फरक असावा, व तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचा द्योतक असावा, असा फिशर यांचा तर्क होता. शिष्येनें कवट्या मोजल्या, आंकडे मांडले, आणि निष्कर्ष काढला कीं, या फरकाचा वंशाशीं संबंध दिसत नाहीं. पदवी गुरूच्या हातीं, देश परका, आणि आपण पारतंत्र्यांतील प्रजा. अशा स्थितींत एवढें एक वाक्य लिहावयास किती धैर्य लागलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

परंतु येथेंच टीकाकारानें सावध असावें. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आल्यावर हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले, आणि त्यांची संस्था वंशद्वेषी राजनीतीच्या सेवेस लागली. त्यामुळें या प्रबंधाला भविष्यवाणी मानण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. १९२८ मध्यें ती संस्था मोठ्या प्रतिष्ठेची गणली जात होती. आणि प्रबंधांतील नकार उभा आहे तो मोजमापावर, भविष्यज्ञानावर नव्हे. त्याचें मोलही त्यांतच आहे.

दुसरें असें कीं, मोजमापाची ती रीत बाईंनीं टाकली नाहीं. मायदेशीं त्यांनीं वर्षानुवर्षें लोकांचीं शरीरमापें घेतलीं, आणि वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रांतील अशा मापांवरचा ग्रंथ १९५१ मध्यें प्रसिद्ध केला. गुरूचा सिद्धांत नाकारला, हत्यार मात्र घरीं आणलें. कोणास हें विसंगत वाटेल. आमच्या मतें शिक्षणाचें स्वरूपच असें गुंतागुंतीचें असतें. आपण काय घेतलें व काय नाकारलें, यांचा हिशेब पुढें जन्मभर चालतो. ज्या अनुभवकथनांत हा हिशेब नाहीं, तें कितीही रसाळ असलें तरी प्रवासवर्णनच म्हणावें लागेल.

आज आपल्या कितीतरी घरांतून मुलेंमुली यूरोपांत शिकावयास जात आहेत. त्यांच्या बोलण्यांत थंडीची व जेवणाची हकीकत अवश्य यावी. आईवडिलांना तिचीच काळजी अधिक. परंतु एखादे वेळीं त्यांना असेंही विचारावें कीं, गुरुजनांचें कोणतें म्हणणें तुम्हांस पटलें नाहीं, आणि कां? त्या उत्तरांतून जें पुस्तक निघेल, तें वाचावयास आम्ही उत्सुक आहों.